नाम माय लाय

"नाम माय लाय!" लेक बाथरूममधून ओरडली.

मी तेव्हा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. आमच्याकडे सकाळचे नऊ, म्हणजे लातूरला साडेसात. आईचा हरिपाठ नुकताच आटोपलेला. तिने कान टवकारले. "काय म्हनाली गं ती? कुनाची माय?"

मी समजावलं. थाई भाषेत नाम म्हणजे पाणी. माय म्हणजे नाही. लाय म्हणजे वाहणं. नळाला पाणी नाही, एवढंच.

आईने जरा विचार केला. "पान्याला नाम म्हनतेत व्हय? बरंय की मग. तहान लागली म्हटलं तरी नामस्मरन झालं."

मीही हसले. तासाभरात येईल म्हणून आंघोळ पुढे ढकलली. पाणी आलं एकोणीस दिवसांनी.

तो ३० मार्च २०२० होता. चार दिवसांपूर्वीच, २६ मार्चला, थायलंडमध्ये आणीबाणी लागू झाली होती. टीव्हीवर, मोबाइलवर, दुकानाच्या दारावर एकच मंत्र चालू होता, हात धुवा. साबण लावून वीस सेकंद धुवा. लेकीला शाळेने हात धुण्याचं गाणं पाठ करायला दिलेलं. ती कोरड्या बेसिनपुढे उभी राहून ते गाणं म्हणायची आणि हात नुसतेच एकमेकांवर चोळायची.

आम्ही राहतो सी राचाला. हो, तेच, श्रीराचा नावाच्या तिखट सॉसच्या बाटलीवरचं. लिहितात श्रीराजा आणि म्हणतात सी राचा. बँकॉकच्या आग्नेयेला, थायलंडच्या आखातावर. शेजारी लाएम छबांगचं मोठं बंदर, आजूबाजूला मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने. त्यातल्याच एकात नवरा कामाला. प्रांताचं नाव चोनबुरी. थाई अक्षरं सुटी करून वाचली की ते 'जल' आणि 'बुरी' निघतं, म्हणजे जलपुरी. हे मी नवऱ्याला सहाव्या दिवशी मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो तेव्हा एसीतून गळलेलं पाणी बादलीत धरत होता. तो काही बोलला नाही.

त्या वर्षी थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळा वाईट होता. चोनबुरी आणि रायोंगच्या धरणांवर कारखाने, हॉटेलं, फळबागा आणि माणसं अशा सगळ्यांचा भार. आमच्या गावाजवळचं बांग फ्रा धरण ११७ दशलक्ष घनमीटरचं, आपल्या हिशेबात चार टीएमसीच्या जरा वर. पाऊस मे-जूनच्या आधी नाही. धरण खाली म्हणून नळाला दाब कमी, आणि त्यातच आमच्या वसाहतीची जुनी लाइन कुठंतरी जमिनीखाली फुटली होती. ती शोधायला एरवी दोन दिवस लागले असते. तेव्हा माणसंच कामावर नव्हती, आणि ३ एप्रिलपासून रात्री दहा ते पहाटे चार संचारबंदी. कार्यालयात फोन केला की एक गोड आवाज म्हणायचा, "पाठपुरावा चालू आहे." हे वाक्य सगळ्या भाषांत सारखंच गोड असावं.

थाई वसाहतीतलं घर वरून ऐटबाज दिसतं. मागच्या बाजूला हजार लिटरची टाकी, तिला स्वयंचलित पंप. नळ उघडला की पंप आपोआप गुरगुरतो. टाकी रिकामी झाली तरी तो बिचारा गुरगुरतच राहतो आणि जळतो. समोरच्या घरातला पंप दुसऱ्याच दिवशी तसा गेला. मी आमचा प्लग पहिल्या तासातच काढून ठेवला होता. त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, लातूरला आहे.

लातूरच्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवायला जाऊ नये. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं होतं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. देशभरातले कॅमेरे ती गाडी पाहायला आले. मी तेव्हा आईकडेच होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-आठ दिवसांनी. पाइप ज्याच्या हातात तो राजा. घागरी, टिपं, कॅन, तेलाचे डबे, जे असेल ते रांगेत. मी त्या रांगेत एका बाईची कळशी लाथेने सरकवली आहे. ती माझी इतिहासाची बाई होती, दहावीची. तिने मला ओळखलं. नंतर आम्ही दोघीही त्यावर कधी बोललो नाही.

त्यामुळे सी राचात पाणी गेल्यावर माझ्या अंगात जुनं वारं शिरलं. दुपारी बारापर्यंत मी दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला होता. कोपऱ्यावर पाण्याचं यंत्र असतं. नाणं टाकायचं, एका बाटाला साधारण लिटरभर शुद्ध पाणी. ते प्यायला. वापरायला मात्र पाण्याची गाडी, पिकअपवर टाकी बसवलेली. मी गाडीवाल्याला वसाहतीच्या फाटकाबाहेरच गाठलं, टाकीत पाचशे लिटर घेतलं आणि वर ड्रम काठोकाठ भरून घेतला. पुढची गाडी कधी, विचारलं तर तो हसला. थाई माणूस असा हसला की समजायचं, उत्तर वाईट आहे.

ड्रम स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत ठेवला. वर झाकण. झाकणावर जुनी चादर. चादरीवर कपड्यांचे चिमटे आणि एक इस्त्री. कुणी पाहिलं तर इस्त्रीचं टेबल वाटावं.

कुणापासून लपवत होते मी? गल्लीत बारा घरं. चोरी ऐकिवात नाही. तरीही हात आपोआप चालले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं केलंस. चादर कशी टाकलीस? चापून-चोपून टाक, टिपाचा गोल आकार दिसतो."

मग घरातला हिशेब सुरू झाला. सगळ्यात आधी पालेभाजी बंद झाली. मेथीची जुडी धुवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात माणूस आंघोळ करतो. तांदूळ एकदाच धुवायचे, ते पाणी कढीपत्त्याला. डाळ-भात कुकरला एकत्र. ताटांवर केळीची पानं. ती इथे बाजारात दहा बाटाला गठ्ठा मिळतात, लातूरपेक्षा स्वस्त. कढई आधी पोळीच्या तुकड्याने पुसायची, तो तुकडा नवऱ्याने खायचा, मग कागदाने, मग ओल्या फडक्याने. आंघोळ एक तांब्या आणि ओला पंचा. त्यावर थाई लोकांची ती थंडगार पावडर, घामोळ्यांची, अंगाला लावली की पुदिना चोळल्यासारखं वाटतं. पहिले दोन दिवस मी त्या पावडरीच्या डब्याची चेष्टा केली होती. तिसऱ्या दिवशी मोठा डबा आणला.

एसीचं पाणी हा माझा शोध. समुद्रकाठची हवा इतकी दमट की रात्रभर एसी चालला तर बाहेरच्या नळीतून पाऊण बादली पाणी पडतं. ते पिऊ नये, पण संडासात ओतायला उत्तम. ओतण्याचंही तंत्र आहे. बादली कमरेएवढी उंच धरायची आणि एका दमात सोडायची. भीतभीत थोडं थोडं ओतलं तर पाणीही जातं आणि कामही होत नाही. सकाळी सहाला नवरा झोपेतून उठून आधी बादलीत डोकावायचा आणि आकडा सांगायचा. "आज साडेसहा लिटर." लोक शेअरबाजार बघतात तसा.

गच्चीवर गेलं की समुद्र दिसायचा. बंदराबाहेर नांगर टाकून उभी जहाजं. पाण्याकडे बघायला बंदी नव्हती.

डाव्या हाताच्या घरात पा राहतात. पा म्हणजे मावशी, आईपेक्षा मोठी असेल ती. नाव असतं, पण आमच्या तोंडात फक्त पा. सत्तरीच्या. मूळच्या उत्तरेकडच्या लांपांगच्या, मुलाला कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आलेल्या. त्या मला 'लूक' म्हणतात, म्हणजे लेकरू. चाळिशीच्या बाईला इतर कुणी लेकरू म्हणत नाही, म्हणून मी त्यांच्याशी बोलायला निमित्त शोधते.

त्यांच्या घरामागे दोन रांजण आहेत. तपकिरी चकाकीचे, पोटावर पिवळा ड्रॅगन वळसा घालून बसलेला. राचबुरीचे ड्रॅगन-रांजण इथे प्रसिद्ध आहेत; चिनी कुंभारांनी तिथे ही कला रुजवली. मुलगा म्हणतो कशाला हवेत, नळ आहे, टाकी आहे. पांनी पागोळीखाली पत्र्याची पन्हळ लावून ते पावसात भरून ठेवलेले. त्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या वाळूच्या पुड्या टाकलेल्या. वर ॲल्युमिनियमचं झाकण, झाकणावर ॲल्युमिनियमचा वाडगा. त्याला खान म्हणतात. आपल्या तांब्याचं काम हा खान करतो.

आणि घरापुढे, फाटकाला लागून रस्त्याच्या बाजूला, लाकडी फळीवर एक मातीचं मडकं. त्यावर झाकण, शेजारी नारळाच्या करवंटीचं ओगराळं. उत्तर थायलंडमध्ये ही जुनी रीत आहे. त्याला हान नाम म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्याने थांबावं, प्यावं, पुढे जावं. सी राचाच्या वसाहतीत रस्त्याने कोण चालत जाणार? कचरा गोळा करणारी दोन माणसं, लॉटरीची तिकिटं विकणारी एक बाई, फाटकावरचा रखवालदार. ते पितात.

पाणी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर आमच्या फाटकाशी दोन बादल्या. भरलेल्या. पा खुरपं घेऊन झेंडूच्या कुंडीत काहीतरी करत होत्या. मास्कवरून त्यांचे डोळे तेवढे दिसले. "लहान मूल आहे ना घरात," म्हणाल्या.

नको म्हणायला हवं होतं. माझ्याकडे चादरीखाली दोनशे लिटर होतं आणि टाकीत चारशेच्या वर. मी दोन्ही हात जोडून, मान लववून, बादल्या आत घेतल्या.

तिसऱ्या दिवशीही बादल्या. चौथ्याही. मी आत नेऊन ते पाणी वापरत होते आणि ड्रमला हात लावत नव्हते. उलट मनातल्या मनात मोजत होते, पांचे रांजण दोन, प्रत्येकी दोनशे लिटर धरले तर अजून किती दिवस पुरतील. त्यांना नव्हे, आम्हाला.

एक गोष्ट मला अजिबात सहन होत नव्हती. कुणी चिडत नव्हतं. एकोणीस दिवसांत एक मोर्चा नाही. लातूरला दोन दिवस पाणी चुकलं तर बाया रिकामे हंडे डोक्यावर घेऊन महापालिकेपुढे उभ्या राहतात. हंडे बडवतात, मडकी फोडतात, साहेबाला बांगड्यांचा आहेर करतात. त्याने पाणी येतंच असं नाही, पण साहेबाची झोप उडते. इथे वसाहतीच्या ग्रुपवर लोक रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकायचे आणि खाली लिहायचे, "सगळ्यांनी धीर धरा." साथीचे दिवस होते, जमाव बंद होता, हे खरं. पण साथ नसती तरी काही झालं नसतं असं माझं मत आहे. पांचा मुलगा म्हणाला, ओरडून पाइप सापडतो का? त्याला काय सांगू! पांची बादली घेऊन गप्प बसण्यापेक्षा मला साहेबाशी भांडणं परवडलं असतं.

त्याच आठवड्यात पाण्याचं बिल आलं. हो, बिल वेळेवर आलं. मला थाई अडखळत वाचता येतं. रिकाम्या वेळात एकेक अक्षर लावत बसले होते. नळाच्या पाण्याला थाईत नाम प्रपा म्हणतात, ते मी दोन वर्षं ऐकत होते. बोलताना ते 'पपा' असं काहीतरी ऐकू येतं. कागदावर सरळ लिहिलं होतं, प्रपा.

प्रपा म्हणजे पाणपोई. आपली पोई त्या प्रपेचीच झिजून झालेली. इथला राजा चुलालोंगकोर्न, पाचवा राम, याने १९०९ साली बँकॉकसाठी शुद्ध पाण्याची योजना करायला सांगितलं. ती पूर्ण व्हायच्या आत तो गेला. त्याच्या मुलाने, सहाव्या रामाने, १४ नोव्हेंबर १९१४ रोजी सामसेनचं केंद्र सुरू केलं आणि या नव्या यांत्रिक प्रकाराला संस्कृतातलं हे जुनं नाव दिलं. वाटसरूला फुकट पाणी पाजायची जागा. मीटर लावलेल्या नळाला पाणपोई म्हणायचं हे त्या राजाला कसं सुचलं असेल कोण जाणे.

आणि हा शब्द आपल्याकडे किती जुना! नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने काय काय दान केलं त्याची यादी आहे. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांची नावं घेऊन सांगितलंय की तिथे फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर 'सभा' आणि 'प्रपा' बांधल्या. शाळेच्या सहलीत आम्हाला ते लेणं दाखवलं होतं. दाखवणारी तीच, कळशीवाली इतिहासाची बाई. तेव्हा माझं लक्ष माकडांकडे होतं.

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशीही पाणपोई असायची. रांजणाला लाल ओलं फडकं गुंडाळलेलं, साखळीने बांधलेला पेला, वर कुणा कैलासवासी व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ अशी पाटी. २०१६च्या उन्हाळ्यात रांजण पालथा होता. साखळी आणि पेला तसाच लोंबकळत होता.

बिलाचा कागद हातात घेऊन मी खिडकीतून पांच्या फाटकाकडे बघितलं. रखवालदार मास्क हनुवटीखाली ओढून, करवंटीला तोंड न लावता, वरून पाणी पीत होता. माझ्या मनात जे आलं ते लिहायलाच हवं. मनात आलं, हा रोज केवढं पितो.

दहाव्या दिवशी लेकीने फोडलं. पाच वर्षांची पोर, तिचं थाई माझ्यापेक्षा कितीतरी बरं. कुंपणापाशी पांशी गप्पा मारताना तिने सगळं सांगितलं, मागे निळा ड्रम आहे, त्यावर चादर आहे, इस्त्री आहे, आणि आई कुणाला हात लावू देत नाही. मी स्वयंपाकघरात होते. मला 'नाम' एवढाच शब्द तीन-चारदा ऐकू आला आणि बाकीचं कळलं.

बाहेर गेले. तोंड कुठे लपवावं समजेना. मास्क होता ते एक बरं.

पा म्हणाल्या, "दी लेओ." म्हणजे बरं केलंस. "साठवलंस ते बरं केलंस, लूक. लहान मूल आहे."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बादल्या होत्याच.

त्या दुपारी पहिल्यांदा मीच विचारलं, तुम्हाला काही हवंय का? त्यांनी नको नको केलं, मग म्हणाल्या, एक रांजण संपला, दुसऱ्यात तळाला गाळ लागलाय, बाहेरच्या मडक्यात घालायला थोडं स्वच्छ पाणी असेल तर दे. मी ड्रमवरची इस्त्री काढली, चिमटे काढले, चादर काढली. बादली भरली. कुंपणावरून देताना लक्षात आलं की बादली काठापासून चार बोटं रिकामी आहे. मी मुद्दाम केलं नव्हतं. लातूरला शेजारणीला पाणी द्यायची वेळ आली की आई तेवढीच भरायची, चार बोटं कमी. हाताला ते माप बसलेलं. पांनी दोन्ही हातांनी बादली घेतली आणि घरात गेल्या. त्यांच्या बादल्या कशा असायच्या? डुचमळणाऱ्या. रोज सकाळी आमच्या फाटकापर्यंत ओल्या थेंबांची रेघ असायची.

१३ एप्रिलला सोंगक्रान, थाई नवं वर्ष. एरवी तीन दिवस अख्खा देश एकमेकांवर पाणी उडवतो. पिचकाऱ्या, पाइप, पिंपं, ट्रकवरून बर्फाचं पाणी. त्या वर्षी सरकारने सुट्टीच पुढे ढकलली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या गल्लीला मनाईची गरजही नव्हती, उडवायला होतं काय?

पण सणाचा दुसरा भाग घरातला असतो. वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतायचं, त्यांनी आशीर्वाद द्यायचा. पांच्या दोन मुली लांपांगला अडकलेल्या. मुलगा रात्रपाळी करून झोपलेला. सकाळी दहाला पा नवा फुलाफुलांचा सदरा घालून, केस विंचरून, फाटकाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मांडीवर टॉवेल, पायाशी घमेलं. कुणाला बोलावलं नाही. नुसत्या बसल्या.

लेकीने खिडकीतून पाहिलं आणि मला ओढायला लागली. शाळेत दर वर्षी हे करतात, तिला सगळं ठाऊक. घरात खान नव्हता, आईने लग्नात दिलेला पितळी तांब्या होता. लेक स्टुलावर चढून स्वतः ड्रममध्ये वाकली आणि तांब्या बुडवून वर काढला, गळ्याच्याही वरपर्यंत भरलेला. कुंडीतल्या मोगऱ्याची चार फुलं वर टाकली. मग दोन्ही हातांत तो धरून, पाण्याकडे बघत, पाऊल पाऊल टाकत निघाली. प्रत्येक पावलाला फरशीवर चुळकाभर पाणी.

"सांडू नकोस गं!" मी मागून ओरडले.

पा खुर्चीत बसल्या बसल्या तळहात पुढे करून वाट बघत होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी लेकीला विचारलं, आई काय म्हणते?

लेक थांबली, तांब्या हेलकावला, दोन फुलं खाली पडली. तिने थाईत काहीतरी लांबलचक सांगितलं. मला त्यातलं फक्त नाम कळलं. पा हसत सुटल्या, हात तसेच पुढे धरून.